कंपायलर जात विचारत नाही; बाकी सगळे विचारतात

"कंपायलरला जात कळत नाही." कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे वाक्य मी प्राध्यापकांकडून ऐकलं, हॉस्टेलमधल्या सीनियरकडून ऐकलं, कॅम्पसवर आलेल्या कंपनीच्या माणसाकडून ऐकलं. एखाद्या मोठ्या संस्थेतल्या दलित किंवा आदिवासी विद्यार्थ्याच्या मृत्यूची बातमी आली की आजही ते कुठून ना कुठून वर येतं. बोलणाऱ्याचा सूर नेहमी समजुतीचा असतो. बाकी क्षेत्रांत असेल बाई जात, आपल्याकडे कोड चालला तर चालला, नाही तर नाही. यात आडनाव कुठे आलं?

वाक्य खरं आहे. ओळीच्या शेवटचा सेमीकोलन राहिला तर कुलकर्ण्यांच्या मुलालाही एरर येतो आणि कांबळ्यांच्या मुलीलाही. माझं भांडण या वाक्याशी नाही, त्याच्या पोटात दडवलेल्या दुसऱ्या वाक्याशी आहे: म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये जात नाही. कंपायलर स्क्रीनच्या पलीकडे असतो, विद्यार्थिनी अलीकडे. स्क्रीनसमोर कोण पोचतं, किती वर्षं उशिरा पोचतं, शेजारी कोण बसतं आणि तिथून उठून नोकरीच्या मुलाखतीला कोण जातं, हे सगळं अलीकडे ठरतं. अलीकडे कंपायलरचं राज्य नाही.

मी २०१५ ते २०१९ या काळात महाराष्ट्राबाहेरच्या एका एनआयटीत कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.टेक. केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. देशात ३१ एनआयटी आहेत. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या तीस सुटतात. एकही बॅकलॉग न राहता पास झाले, दीड वर्ष एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग समाजशास्त्रात एम.ए. आणि आता पीएच.डी. हा हिशोब आधीच देऊन टाकते, कारण आमच्यातल्या कुणी तोंड उघडलं की समोरचा पहिल्यांदा मार्कशीट मागतो. नापास झालेलीने तक्रार केली तर ती नापास आहे म्हणून, पास झालेलीने केली तर 'मग तुझं अडलं कुठे' म्हणून. तक्रार करायला योग्य अशी मार्कशीट अजून छापली गेलेली नाही.

पहिल्या आठवड्यापासून सुरू करू. माझं आडनाव उत्तरेकडच्या मुलींना वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडे जात ओळखायची आडनावांची जी यादी असते, तिच्यात वऱ्हाडातली आडनावं नसतात. त्यामुळे त्या सरळ विचारायच्या, "रँक कितनी थी?" हा कुतूहलाचा प्रश्न वाटतो. पण ज्या शाखेची खुल्या वर्गाची शेवटची रँक हॉस्टेलभर पाठ असते, त्या शाखेत रँक सांगणं म्हणजे जातीचा दाखला दाखवणं. जोसाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाखेची, प्रत्येक प्रवर्गाची पहिली आणि शेवटची रँक दिलेली असते; हिशोब करायला दहा सेकंद पुरतात. मराठी मुलांना एवढेही कष्ट पडले नाहीत. कॅम्पसवरच्या मराठी मंडळींची गणपतीआधीची बैठक होती. "आडनाव काय? मूळ गाव कोणतं? तिथे कुठे राहता?" तीन प्रश्नांत काम झालं. पुढच्या बैठकीचा निरोप मला आला नाही. परमुलखात आपली भाषा कानावर पडल्याचा आनंद केवढा असतो हे घर सोडलेल्यांना ठाऊक आहे. आणि त्याच भाषेत आपली जात सगळ्यांत लवकर ओळखली जाते हे आपल्याला ठाऊक आहे.

रँक म्हणजे जात, ही माझी एकटीची शंका नाही. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा १८ वर्षांचा दलित विद्यार्थी मरण पावला. संस्थेच्या चौकशी समितीला जातिभेदाचा ठोस पुरावा सापडला नाही. त्याचे खालावलेले गुण मात्र तिच्या नजरेतून सुटले नाहीत. त्याच वर्षी याच संस्थेने सूचना काढल्या की विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईई अॅडव्हान्स्डची रँक किंवा गेटचे गुण विचारू नयेत, कारण तो जात काढून घ्यायचा मार्ग ठरू शकतो. पुरावा सापडत नाही, पण तो कुठल्या प्रश्नात लपतो ते माहीत आहे. समाजशास्त्रात याला काय म्हणतात ते जाऊ द्या, गावाकडे याला झोपेचं सोंग म्हणतात.

आता 'मेरिट'वाल्यांच्या दुसऱ्या सोंगाकडे येऊ. माझ्या वर्गात काही मुलं 'दासा' योजनेतून आलेली होती. परदेशातल्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटीत जादा जागा असतात. त्या काळी या जागांसाठी जेईई द्यावी लागत नसे, सॅटच्या विषयवार गुणांवर प्रवेश होई आणि फी डॉलरमध्ये भरावी लागे. आम्ही सगळ्यांनी जी परीक्षा दिली, ती या मुलांनी दिलीच नव्हती. चार वर्षांत एकदाही कुणी त्यांची रँक विचारली नाही. त्यांना कुणी कोटेवाला म्हटलं नाही, त्यांच्यामुळे देशातले पूल कोसळतील अशी काळजीही कुणाला वाटली नाही. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आल्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवं, आणि अनुसूचित जाती-जमाती किंवा ओबीसी असता कामा नये. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये या घटकाला पात्रतेच्या गुणांत जी सवलत मिळते, तीच ओबीसींना मिळते, अगदी तेवढीच. पण आता शिकणाऱ्या मुली सांगतात की हॉस्टेलमध्ये 'कोटा' हा शब्द अजूनही आपल्याचसाठी राखीव आहे. राखीव जागेचा त्रास त्यांना कधी नव्हताच. जागेवर कोण बसलं याचा होता.

'सरकारचे जावई' हा आपल्याकडचा टोमणा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेला हिशोब अजून मिटलेला नाही: सरकारी तिजोरीत पैसा घालतो कष्टकरी शेतकरी, त्यातून शिकतो वरच्या जातींचा मुलगा. आयआयटी १९५१ पासून आहेत; त्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळालं १९७३ साली. मधली २२ वर्षं देशाच्या पैशाने कुणाची मुलं शिकली आणि शिकून कुठे गेली? त्या जावयांची यादी कुणी काढत नाही.

पहिल्या सत्रात 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' नावाचा विषय होता. अभ्यासक्रम शून्यापासून सुरू होतो असं कागदावर लिहिलेलं. पहिल्या तासाला सरांनी विचारलं, सी किंवा सी प्लस प्लस कुणाला येतं? निम्म्याहून जास्त हात वर. सीबीएसईच्या शाळांत तेव्हा अकरावी-बारावीला सी प्लस प्लस शिकवत. महाराष्ट्र बोर्डातही कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्ष्यी विषय आहे, पण तो शहरांतल्या मोजक्या कॉलेजांत. माझे वडील एसटीत कंडक्टर. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आणि प्रवेशाचा अर्ज भरायला नेट कॅफेत गेले तेव्हा टायपिंग कॅफेवाल्याने केलं. वर आलेले हात पाहून सर म्हणाले, "छान, म्हणजे बेसिक्स सोडून देऊ." व्हेरिएबल आणि लूप एका तासात उरकले. तिसऱ्या आठवड्यात पॉइंटर.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण 'हुशार' आणि 'ढ' हे शिक्के इथे तयार होतात. दोन वर्षं आधी शिकलेला मुलगा लॅबमध्ये वीस मिनिटांत प्रोग्रॅम संपवतो. मी दीड तास घेते. लॅब असिस्टंटला दिसतात ती वीस मिनिटं आणि दीड तास. त्यामागची दोन वर्षं दिसत नाहीत. पहिल्या मिडसेमचे गुण लागतात, त्यावरून कोण कुणाशेजारी बसणार ते ठरतं, त्यावरून प्रोजेक्टचे गट. तिसऱ्या सत्रापर्यंत मी त्याच्या वेगाने कोड लिहू लागले होते, पण गट आधीच ठरलेले होते. त्यात रात्री साडेनऊला मुलींच्या हॉस्टेलचं फाटक बंद व्हायचं आणि मुलांसाठी कॉम्प्युटर सेंटर रात्रभर उघडं असायचं. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता त्या मुलींना फाटकाने फारसा फरक पडला नाही. माझ्याकडे तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आला, सेकंडहँड.

सर्व्हरही जात विचारत नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये संध्याकाळी ५ पर्यंत भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत वेळ संपत आली आणि पोर्टल बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद १४२ चा विशेष अधिकार वापरून तो प्रवेश द्यायला लावावा लागला. त्याआधी २०२१ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका दलित विद्यार्थ्याची फी क्रेडिट कार्ड चाललं नाही म्हणून भरायची राहिली. त्यालाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पाच वाजता बंद होणारं पोर्टल सगळ्यांसाठी पाचलाच बंद होतं, हे खरंच आहे. आणि ज्याच्या बापाच्या खात्यात १७,५०० रुपये आधीपासून पडलेले असतात, त्याला ही अशी वेळ असते हेसुद्धा कळत नाही. न्यायालयापर्यंत पोचलेले हे दोघं आपल्याला माहीत झाले. न पोचलेले?

वर्कशॉपची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना वर्कशॉप असतं: फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग, लोहारकाम. कॉम्प्युटरची मुलं त्याला हसतात. आम्ही कशाला कानशी घासायच्या? माझी रूममेट बुंदेलखंडातल्या लोहाराची मुलगी होती. लोहारकामाच्या तासाला गोल सळई तापवून तिचा चौकोन करायचा होता. वर्गातल्या 'टॉपर'ने तीनदा सळई वाया घालवली. हिने रंगावरून ओळखलं की लोखंड कधी काढायचं, सांडशीत धरून ऐरणीवर चार बाजू काढल्या आणि वीस मिनिटांत काम संपवून हात पुसत उभी राहिली. वर्कशॉपचे मिस्त्री काका पाहतच राहिले. त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस? ती "घर पे" म्हणाली आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं.

घरी शिकलेला सी प्लस प्लस म्हणजे मेरिट. घरी शिकलेलं लोखंड म्हणजे जात. दोन्ही बापाच्या घरून आलं, दोन्हीला वर्षं लागली, दोन्ही इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात आहे. एकाला हात वर करून अभिमानाने सांगता येतं, दुसऱ्यावर हशा पिकतो. अजंथा सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासवर लिहिलेल्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या पुस्तकात या उलटापालटीचा इतिहास सापडतो. दगड, धातू, लाकूड आणि पाणी यांचं ज्ञान शतकानुशतकं कारागीर जातींच्या हातात होतं, आणि हाताने काम करणं वरच्या जातींना कमीपणाचं होतं. इंग्रजी राज्यात इंजिनिअरिंग ही पदवी झाली, सरकारी हुद्दा झाला, आणि हत्याराला हात न लावता इंजिनिअर होता येऊ लागलं. तेव्हा तेच क्षेत्र वरच्या जातींचं झालं आणि कारागिराला त्यातून बाहेर काढण्यात आलं. माझं त्यापुढचं म्हणणं असं की कॉम्प्युटर ही त्या प्रवासातली सगळ्यांत सोयीची पायरी आहे. इथे हाताला काजळी लागत नाही, घाम येत नाही, साइटवर उभं राहावं लागत नाही. सगळ्या शाखांत कॉम्प्युटरची रँक वर का, याचं उत्तर पगारात आहेच. पण फक्त पगारात नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा होता. दोघं आयटीतल्या घरांतले, एक डॉक्टरांचा मुलगा आणि मी. कामाची वाटणी पहिल्या बैठकीत झाली. मॉडेल एकाचं, बॅकएंड दुसऱ्याचा, प्रेझेंटेशन तिसऱ्याचं. "तुझं हँडरायटिंग मस्त आहे, तू रिपोर्ट आणि डॉक्युमेंटेशन बघ." रिपोर्ट टाइप करायचा होता, हस्ताक्षराचा संबंध नव्हता. मी बॅकएंड मागितला. तेव्हा अगदी प्रेमाने सांगण्यात आलं की ग्रेड सगळ्यांची एकच आहे, रिस्क कशाला घ्यायची. पुढे मी आरक्षणातून कॉम्प्युटर शिकलेल्या २६ जणांशी पीएच.डी.च्या निमित्ताने बोलले, सहा राज्यांतले. त्यांतल्या १९ जणांनी, मी न विचारता, हीच गोष्ट सांगितली: त्यांच्या वाट्याला रिपोर्ट, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग आणि सरांची सही आणणं आलं. छोटा नमुना आहे, यावरून देशाची टक्केवारी मी काढणार नाही. पण ओरिसातल्या मुलाला आणि तेलंगणातल्या मुलीला एकच वाक्य ऐकवलं जातं तेव्हा त्याला योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. गाव स्वच्छ ठेवणं ज्यांच्याकडे सोपवलं होतं, प्रोजेक्टची फाइल नीट ठेवणं त्यांच्याचकडे आलं आहे. आणि मुलाखतीत प्रश्न येतो, "प्रोजेक्टमधला कुठला कोड तू लिहिलास?"

त्या मुलाखतीपर्यंत पोचायचीही एक चाळणी असते. दहावीला ६० टक्के, बारावीला ६० टक्के, पदवीला ६० टक्के, बॅकलॉग नको, मध्ये वर्ष गेलेलं नको. ही चाळणी सॉफ्टवेअर लावतं, जात न विचारता लावतं. पण ती अट कुणी माणसाने लिहिलेली असते. जी मुलगी चौथ्या वर्षी उत्तम अल्गोरिदम लिहिते, तिला दहावीतल्या, गणिताचा शिक्षक नसलेल्या शाळेतल्या ५८ टक्क्यांनी बाहेर काढून कंपनीला कोणती गुणवत्ता मिळते? मध्ये वर्ष का जातं? बहीण आजारी पडते, स्कॉलरशिप येत नाही, बाप कामावरून कमी होतो. या अटी गुणवत्ता मोजत नाहीत, आयुष्यात कधी अडखळावं लागलं नाही याचा दाखला मागतात. तो दाखला कोणत्या घरांत असतो ते सांगायला नको.

त्यापुढे एचआर. "वडील काय करतात? घरी कोण कोण आहे?" सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून २००७ मध्ये लिहिलं होतं की जात बघत नाही असं ठासून सांगणारे हेच लोक 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून बघतात. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना सवर्ण आडनावांपेक्षा कमी बोलावणी आली. कार्यक्षेत्र खासगी, आरक्षण शून्य, भरती 'निव्वळ मेरिट'वर. मी 'एसटी महामंडळात कंडक्टर' असं इंग्रजीत सांगितलं तेव्हा समोरच्या बाईंनी मान हलवली आणि विचारलं, "सो यू आर फर्स्ट इन द फॅमिली?" त्यांना ते कौतुक वाटत होतं. मला टेस्टिंग मिळालं. माझ्यापेक्षा कमी ग्रेडच्या दोघांना डेव्हलपमेंट.

समुद्र ओलांडला तरी हे सुटत नाही. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी डावललं, आणि तो आयआयटीत आरक्षणातून आल्याचं त्याच्याच संस्थेतून आलेल्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितलं, असे त्यातले आरोप होते. कंपनीने ते नाकारले, आणि २०२३ मध्ये त्या दोन व्यक्तींविरुद्धचा दावा मागे घेतला गेला. दाव्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. मला त्यातला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. वीस-वीस वर्षांपूर्वीची रँक अमेरिकेतल्या ऑफिसात ओळख म्हणून पुरली, हे ऐकून आपल्यातल्या एकाही इंजिनिअरला आश्चर्य वाटलं नाही.

मग आकडे मागितले की काय होतं? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे १३ हजारांहून अधिक विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. नुसत्या आयआयटींमधून ओबीसी २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि जमातींचे ४०८. कारण? विद्यार्थ्यांसमोर अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातात, असं उत्तर मिळालं. पर्याय! २०१५ मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना कमी ग्रेडवरून काढून टाकलं होतं, त्यांतले बहुतेक राखीव वर्गांतले. ओरड झाल्यावर त्यांना पुन्हा संधी दिली गेली. हे कुठल्या पर्यायाच्या शोधात निघाले होते? आणि शिकवणारे कोण? २०१९ च्या सुरुवातीला संसदेत दिलेल्या माहितीनुसार २३ आयआयटींमध्ये ६,०४३ प्राध्यापक होते. अनुसूचित जातींचे १४९, जमातींचे २१. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या आयआयटी संचालकांच्या समितीने शिफारस केली की या संस्थांना प्राध्यापक भरतीतल्या आरक्षणातून सूट द्यावी. तीन टक्केसुद्धा जड झाले होते.

आमच्यासाठी यांच्याकडे उपाय आहेत बरं का. इंग्रजी संभाषणाचे वर्ग, व्यक्तिमत्त्व विकास, समुपदेशन. सगळी दुरुस्ती आमच्यात करायची. निम्मे हात वर आलेले पाहून बेसिक्स सोडून देणाऱ्या प्राध्यापकासाठी वर्ग नाही, 'हँडरायटिंग' पाहून काम वाटणाऱ्यांसाठी समुपदेशन नाही. यूजीसीचे समतेविषयीचे नियम २०१२ पासून आहेत; माझ्या संस्थेत समान संधी कक्ष होता, त्याच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. मला लोक विचारतात की एवढी चांगली शाखा सोडून समाजशास्त्राकडे का गेलीस. मला कोड लिहायला आवडायचं, अजूनही आवडतं. माझ्या मुलाखतींची वर्गवारी करायचा छोटा प्रोग्रॅम मीच लिहिला आहे. पण ज्या खोलीत मी बसले होते तिच्या भिंती कुणी बांधल्या, हे मोजायचं साधन त्या खोलीत ठेवलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी मी माझ्या जुन्या संस्थेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. विचारलं एवढंच: कॉम्प्युटर शाखेत दहा वर्षांत प्रवर्गनिहाय किती जणांना कॅम्पसमधून नोकरी मिळाली, किती पगाराची, किती जणांना कंपन्यांच्या अटींमुळे अर्जच करता आला नाही, आणि किती जण पदवीशिवाय गेले. उत्तर आलं की नोकऱ्यांची नोंद प्रवर्गनिहाय ठेवली जात नाही, कारण संस्था याबाबतीत विद्यार्थ्यांमध्ये भेद करत नाही. प्रवेशाच्या यादीत माझा प्रवर्ग होता. फीच्या पावतीवर होता. दर सत्राला वर्गात ज्या स्कॉलरशिपच्या यादीतून नाव पुकारून मला उभं केलं जायचं, तिच्यावर होता. पदवीच्या आधी ना-हरकत घ्यायला गेले त्या फॉर्ममध्येही एक रकाना त्याचाच होता. तो नेमका प्लेसमेंटच्या दारात पुसला जातो. प्रथम अपील फेटाळलं गेलं आहे, दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे आहे, आणि तोवर बाकीच्या तीस संस्थांना पाठवायचे अर्ज लिहून तयार आहेत. अर्जाची फी प्रत्येकी दहा रुपये. आपापल्या संस्थेचा अर्ज ज्यांना स्वतःच्या नावाने पाठवायचा असेल, त्यांनी मजकूर मागून घ्यावा.